पुन्हा पेढीवर : हृदयविकारानंतरचा एक जमाखर्च



प्रतिवर्षी स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली की संपादक मंडळी मजकडून तूर-हरभर्‍याच्या बाजारावर चार शब्द लिहून घेतात. यंदाही तीच मागणी होती. परंतु या खेपेस त्यांची परवानगी घेऊन मी निराळा विषय हाती घेतला आहे. हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या गंभीर दुखण्यावर रुग्णालयात उपचार करून घेतल्यानंतर व्यापार्‍याने पुन्हा पेढीवर कसे यावे, हा तो विषय होय. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही आणि वैद्यकशास्त्रात मला गती नाही. तथापि ज्या वाटेने आपण जाऊन आलो, तिच्यावरील खाचखळगे मागून येणार्‍यास सांगावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या सभासदांत साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत आणि साठीच्या आतले कित्येक गादीवर बसल्या बसल्या छाती चोळीत असतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्या मंडळींसाठी हे लिहीत आहे.

आमचे बिर्‍हाड सुलतान बाजारातील एका गल्लीत व पेढी उस्मानगंजात. घरून बडी चावडी, तेथून पुतळीबावली व पुढे उस्मानगंज, हा रस्ता मी चाळीस वर्षे पायी चालत आलो. २०२३ च्या पावसाळ्यानंतर या रस्त्यावर माझी डावी पोटरी आखडू लागली. पुतळीबावलीपाशी आलो की पोटरीत गोळा येई. एखाद्या दुकानाच्या पायरीशी दोन मिनिटे उभे राहिले की तो जाई. पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा येई. वय झाले, सांधे धरले, असे मी मनाशी म्हटले. तेल चोळले, गरम पाण्याने शेकले. पुढे डॉक्टरांकडून कळले की, सांध्याचे दुखणे असे ठराविक अंतरावर येत नाही व उभे राहताच जात नाही. पायाला शुद्ध रक्त नेणार्‍या रोहिण्या आतून अरुंद झाल्या म्हणजे चालताना स्नायूस लागणारे रक्त पुरत नाही आणि तो दुखू लागतो. ज्याच्या पायाच्या रोहिण्या अशा झाल्या, त्याच्या हृदयाच्या व मेंदूकडे जाणार्‍या रोहिण्याही तशाच असण्याचा संभव मोठा असतो; कारण घरातील सर्व नळांना पाणी एकाच टाकीचे येते. ती पहिली सूचना होती व ती मी अक्षरशः पायाखाली घातली.

डिसेंबरात नव्या तुरीची आवक सुरू झाली. तांदूरचा माल, कलबुर्गीचा माल, लातूरचे भाव, सकाळपासून फोन व दलालांची ये-जा. अशा गर्दीत एके दिवशी कोठाराचा जिना चढताना छातीच्या मध्यभागी कोणी भरलेले पोते आणून ठेवावे तसा दाब आला. डावा हात व जबडा जड झाला, कपाळास घाम सुटला. खाली बसलो, पाच मिनिटांत दाब उतरला. पुढे तो आठवड्यातून दोनदा आणि मग दिवसाआड येऊ लागला. मी कोणास बोललो नाही. घरी सांगितले, पित्त झाले आहे. मुनीमजींनी विचारले तेव्हा रात्री जागरण झाल्याचे सांगितले. हंगाम तेवढा निघून जाऊ द्यावा, मग पाहू, असा विचार केला.

हे लपविण्याचे कारण आपल्यापैकी कोणासही समजावून सांगावे लागणार नाही. घाऊक धान्याचा व्यापार जितका मालावर चालतो, त्याहून अधिक विश्वासावर चालतो. पंधरा दिवसांच्या, महिन्याच्या बोलीवर माल येतो व जातो. पेढीचा मालक दुखणाईत आहे, अशी कुजबुज एकदा निघाली की ज्यांचे आपण देणे लागतो ते लवकर मागू लागतात आणि ज्यांच्याकडे आपले येणे आहे ते सावकाश देऊ लागतात. पत सांभाळण्यासाठी मी प्रकृती पणाला लावली. माझ्या चाळीस वर्षांच्या व्यापारातील हा सर्वांत वाईट सौदा होय, हे आज मी उघडपणे लिहितो.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस एका रात्री तोच दाब काही न करता, अंथरुणात पडल्या पडल्या आला व उतरेना. सौ.ने दिवा लावून माझा चेहरा पाहिला आणि पित्ताची गोष्ट तेथेच संपली. चिरंजीवांनी १०८ क्रमांक फिरविला. संकटसमयी धावून येणारी ही रुग्णवाहिकांची सेवा आपल्याच हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. हा क्रमांक प्रत्येकाने घरी व पेढीवर भिंतीवर लिहून ठेवावा. रुग्णालयात तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरविणार्‍या तीन मुख्य रोहिण्या असतात. त्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर. माझ्या तिन्ही जागोजाग अरुंद झाल्या होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बायपास शस्त्रक्रिया झाली.

या शस्त्रक्रियेचे मर्म व्यापार्‍यास चटकन कळेल असे आहे. बडी चावडीकडील रस्ता गाड्यांनी तुंबला म्हणजे आपण माल बाजूच्या गल्लीतून नेतो. तुंबलेला रस्ता तसाच राहतो. परंतु माल पोहोचतो. त्याचप्रमाणे पायातील शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी घेऊन ती अडथळ्याच्या पलीकडे जोडतात. पायातील शीर वापरून ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे काम करणारे अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांच्याकडे जाते. भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. छाती न उघडता फुग्याने रोहिणी रुंद करण्याचा उपाय आन्द्रेआस ग्रुन्टझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे प्रथम यशस्वी केला. त्यांचा तो रुग्ण ३८ वर्षांचा विमाविक्रेता होता, म्हणजे आपल्यासारखाच बाजारात फिरणारा माणूस. रोहिणी पुन्हा मिटू नये म्हणून पुढे तीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवू लागले. स्वस्त स्टेंट आपल्या देशात व्हावा म्हणून डॉ. अब्दुल कलाम व हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी जो स्टेंट सिद्ध केला, तो कलाम-राजू स्टेंट या नावाने प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साध्यास ७,२६० रुपये व औषधलेपितास २९,६०० रुपये अशी ती त्या वेळी होती.

आपल्या बाजाराचाही या इतिहासाशी थोडा संबंध आहे. सुलतान बाजार हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. येथल्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने निझाम सरकारने क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन मंडळे नेमली. भूल देताना रोग्याचा श्वास आधी थांबतो की हृदय, असा तो वाद होता. १८८९ च्या दुसर्‍या मंडळाकरिता लंडनहून डॉ. लॉडर ब्रन्टन हैदराबादेस आले. छातीच्या या दाबावर अमिल नायट्राइट हुंगविले असता उतार पडतो, हे १८६७ साली दाखवून देणारे ते हेच गृहस्थ. जिभेखाली ठेवावयाची जी गोळी आज माझ्या खिशात असते, ती त्याच कुळातील औषध होय. त्या मंडळाने धोका श्वासास आहे असा निर्णय दिला. पुढील संशोधनात हृदयही अकस्मात बंद पडू शकते असे ठरले. मोठमोठ्या विद्वानांनाही हृदयाचा हिशेब एका बैठकीत लागला नाही, मग छातीच्या दाबाला घरबसल्या पित्त ठरविणारे आपण कोण?

आता मुख्य विषयाकडे वळतो. मी शुद्धीवर येऊन चौथ्या दिवशी पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाजारात काय सांगितलेत?" चिरंजीव म्हणाले, "अण्णा, खरे तेच सांगितले. ज्यांचे आपण देणे लागतो त्या सर्वांना मी स्वतः फोन केला. शस्त्रक्रिया झाली आहे, तीन महिने तुम्ही येणार नाही, सह्या मी करीन आणि ठरल्या तारखेस रक्कम पोहोचेल, असे कळविले." हे ऐकून मी इतका संतापलो की परिचारिकेस धावत यावे लागले. माझ्या मते त्यांनी पेढीची अब्रू वेशीवर टांगली होती.

परंतु घडले ते उलट. दोन व्यापार्‍यांनी लवकर रक्कम मागितली, हे खरे. ती त्यांना दिली. बाकीच्यांनी मुदत पाळली आणि एकाने तर आपण होऊन पंधरा दिवस वाढवून दिले. मालकाच्या दुखण्यापेक्षा मालकाविषयीच्या अफवेस बाजार अधिक भितो, हे मला त्या वेळी कळले. ही गोष्ट केवळ आपल्या गल्लीपुरती नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना २४ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला. सोमवारी २६ तारखेस न्यूयॉर्कचा शेअरबाजार एका दिवसात शेकडा सहाहून अधिक घसरला. परंतु त्यांच्यावर उपचार करणारे प्रख्यात डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी वर्तमानपत्रांना रोग्याची प्रकृती कशी आहे, काय झाले आहे व पुढे काय होईल, हे साध्या भाषेत सांगितले. बाजार सावरला. सात आठवड्यांनी रोगी रुग्णालयातून बाहेर पडले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. एवढ्या मोठ्या राष्ट्राची पत जर खरे बोलण्याने राहते, तर आपल्या चार गाळ्यांच्या पेढीची का राहू नये?

घरी आल्यावरचे सहा आठवडे मला रुग्णालयापेक्षाही कठीण गेले. शस्त्रक्रियेसाठी छातीचे मधले हाड कापलेले असते. ते सांधण्यास सुमारे दोन-तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोहून अधिक वजन उचलावयाचे नाही, गाडी हाकावयाची नाही, दाराला जोराने ढकलावयाचेही नाही. ज्याने उभा जन्म पोती मोजली, त्याने पाण्याची घागर उचलण्यासाठी नातवाला हाक मारावी! दुपारी विनाकारण डोळ्यांत पाणी येई. भूक नाही, झोप नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. ही मनाची पडझड मी लाजेने झाकून ठेवली. पुढे डॉक्टरांनीच विचारून काढले व सांगितले की, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना असे होते, तेही दुखण्याचेच अंग समजून बोलून दाखवावे. घरच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दुखणाईत गृहस्थ चिडतो, तेव्हा तो बहुधा भ्यालेला असतो.

पूर्वी हृदयविकाराच्या रोग्यास सहा-सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. लेव्हाइन व डॉ. लाउन यांनी अशा रोग्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसविण्यास सुरुवात केली, तेव्हा लोकांना ते धाडस वाटले. आता तर रोग्यास दुसर्‍या-तिसर्‍या दिवशीच चालावयास लावतात. मी प्रथम गल्लीच्या तोंडापर्यंत, मग बडी चावडीपर्यंत, पुढे पुतळीबावलीपर्यंत असा चालत गेलो. पायाच्या रोहिण्यांसाठीही हाच उपाय निघाला. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, थांबले की पुन्हा चालावे. नियमाने केले म्हणजे न दुखता चालण्याचे अंतर हळूहळू वाढते. ज्या दुखण्यामुळे मी चालणे टाळू लागलो होतो, त्याचे औषध चालण्यातच होते. अर्थात, आपल्या डॉक्टरांस विचारूनच हे करावे. रस्त्यात ओळखीचे हमाल भेटत, ते म्हणत, "सेठ, हल्लू चलो." मी हळूच चालत होतो.

एप्रिलच्या शेवटी, बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, मी प्रथम पेढीवर गेलो. डॉक्टरांनी सकाळचे दोन तास एवढीच मुभा दिली होती. मुनीमजींनी हार आणला होता, दलालांनी पेढे वाटले. मी गादीवर बसलो व सवयीप्रमाणे वही ओढली. पाहतो तो मार्च महिन्यात कोठारातील बहुतेक तूर विकलेली! ती मी पावसाळ्यापर्यंत धरून ठेवणार होतो, हे चिरंजीवांस पक्के ठाऊक होते. माझा आवाज चढला. छाती धडधडू लागली. मुनीमजींनी गिर्‍हाइकांस बाहेर नेले. चिरंजीव समोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "अण्णा, रागवा, पण बसून रागवा. माल धरून ठेवण्याइतकी झोप मला येत नव्हती. तुम्ही आत होतात, बाहेर देणे उभे होते. मला जेवढे पेलले तेवढे केले."

मी त्या दिवशी अर्ध्या तासात घरी परतलो. पुढील काही आठवडे भाव चढेच राहिले आणि तुरीचा तो आकडा माझ्या डोळ्यांपुढे नाचत राहिला. नंतर २१ जून २०२४ रोजी केंद्र सरकारने तूर व हरभर्‍याच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापार्‍यास प्रत्येक डाळीचे २०० टन. त्या दिवशी बाजारात कित्येकांची तारांबळ उडाली. आमच्या कोठारात मर्यादेजवळ जाईल एवढा मालच नव्हता. चिरंजीव द्रष्टे होते असे मी म्हणत नाही, आणि नफा थोडा गेला हेही नाकारीत नाही. परंतु त्या रात्री मी स्वस्थ झोपलो, आणि डिसेंबरापासून अशी झोप मला आठवत नव्हती. दुसर्‍या दिवशी तिजोरीच्या किल्ल्यांचा एक जुडगा मी चिरंजीवांच्या हाती दिला. आजवर तो माझ्याच कमरेला असे.

परत येणे म्हणजे होतो त्याच जागी जाऊन बसणे, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. या संबंधात आपल्या सर्वांस परिचित असे दोन थोर पुरुष आठवतात. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे आपल्या हैदराबाद संस्थानात जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९९० साली अमेरिकेत त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. १९९१ ची लोकसभेची निवडणूक त्यांनी लढविली नाही. आता निवृत्त होऊन हैदराबादेस परतावे अशा बेतात ते होते. त्याऐवजी २१ जून १९९१ रोजी, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते पंतप्रधान झाले व पाच वर्षे त्यांनी कारभार केला. त्यांचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांचीही बायपास शस्त्रक्रिया १९९० सालीच झालेली होती. परवाने-परमिटांचे ज्या अर्थसंकल्पाने बरेचसे ओझे उतरविले, तो २४ जुलै १९९१ चा अर्थसंकल्प अशा दोन दुरुस्त केलेल्या हृदयांच्या भरवशावर उभा होता!

पुढे २४ जानेवारी २००९ रोजी डॉ. सिंग यांच्यावर दिल्लीच्या एम्समध्ये दुसर्‍यांदा बायपास शस्त्रक्रिया झाली. ते पंतप्रधान होते आणि अर्थखातेही त्यांच्याचकडे होते. त्यांनी काय केले? देशाची वही प्रणव मुखर्जी यांच्या हाती दिली. १६ फेब्रुवारीचा अंतरिम अर्थसंकल्प मुखर्जी यांनीच मांडला. विश्रांती घेऊन डॉ. सिंग परत आले आणि २२ मे २००९ रोजी पुन्हा पंतप्रधान झाले. शस्त्रक्रियेनंतर राव चौदा वर्षे जगले व ८३ व्या वर्षी वारले, डॉ. सिंग २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. देशाची वही चार महिने दुसर्‍याच्या हाती देता येते, आणि आमच्यासारख्यास तिजोरीची किल्ली देववत नाही!

आता एक गोष्ट सांगावयाची आहे, ती लिहिताना मला संकोच वाटतो. त्याच वर्षी आमच्या पेढीवर वीस वर्षे माल वाहणार्‍या एका हमालास हृदयविकाराचा झटका आला. वय पन्नाशीच्या आत. २००७ साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेतून त्याला स्टेंट बसविण्यात आला. तेलंगणात या योजनेची मर्यादा ९ डिसेंबर २०२३ पासून दहा लाख रुपये झाली आहे; आपल्याकडील प्रत्येक कामगाराचे कागद तयार आहेत की नाहीत, हे मालकाने पाहावे. तर हा गृहस्थ तीन आठवड्यांत कामावर हजर झाला व ५० किलोचे पोते पाठीवर घेऊ लागला. मी ओरडलो, तेव्हा तो म्हणाला, "सेठ, बोझा नै उठाया तो खाना क्या?" मला काही उत्तर सुचले नाही. मी परतलो तो गादीवर. त्याला परतावयास पोत्याखेरीज जागा नव्हती. दुखणे एकच, डॉक्टरांचे शब्द एकच, परंतु ते पाळण्याची ऐपत मला होती, त्याला नव्हती. चिरंजीवांशी विचार करून त्याला काट्यावर वजन लिहिण्याचे काम दिले व मजुरी पोत्यावर न ठेवता महिन्यावर बांधली. खर्चाच्या बाजूस रक्कम थोडी वाढली. ती मी माझ्या औषधांच्या खात्यालगतच लिहितो.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. औषधे ही रोजच्या व्याजासारखी आहेत. बरे वाटले म्हणून चुकवावयाची नाहीत. विशेषतः स्टेंट बसविलेल्याने रक्त पातळ राखणार्‍या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. चौविहार पाळणार्‍यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात. माझी रात्रीची गोळी त्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर दिली, परंतु प्रत्येकाचे तसे जमेलच असे नाही. पर्युषणातील उपवास मी त्या वर्षी केले नाहीत. ऊनोदरी हेही तपच आहे, असे मनाचे समाधान केले. मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपले पापड, लोणची व फरसाण पाहता हा हिशेब प्रत्येक घरी बाईंनीच मांडावा. तंबाखू कोणत्याही रूपात नको. आणि गादीवरून उठावे. १९५३ साली लंडनच्या बसगाड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून राहणार्‍या चालकांपेक्षा दुमजली गाडीच्या पायर्‍या चढ-उतार करणार्‍या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे डॉ. जेरी मॉरिस यांना आढळले. घाऊक व्यापार्‍याची गादी ही चालकाचीच बैठक होय.

आपल्या संघास माझी नम्र सूचना अशी की, प्रत्येक सभासदाने निरोगी असतानाच तीन कागद करून ठेवावेत : येणे-देण्याची पूर्ण यादी, आपल्या अनुपस्थितीत सही कोणाची चालेल याची रीतसर लेखी व्यवस्था, आणि आपली दुखणी व औषधे यांची चिठ्ठी. वर्षातून एकदा संघाच्या कार्यालयात सभासद, मुनीम व हमाल अशा सर्वांची रक्तदाब, साखर व हृदय यांची तपासणी व्हावी. रांग मात्र एकच असावी.

मी सध्या सकाळी दहा ते एक पेढीवर असतो. पोत्यात परखी घालून नमुना पाहतो, भाव ऐकतो, विचारले तर सल्ला देतो. विचारले नाही तरी देत असे. ती खोड अजून पुरती गेलेली नाही. एक वाजला की चिरंजीव घड्याळाकडे पाहतात व मी उठतो. पुतळीबावलीपाशी पूर्वी ज्या दुकानाच्या पायरीशी थांबावे लागे, तेथून आता न थांबता पुढे जातो. त्या दुकानदारांनी परवा हाक मारून विचारले, "शेठजी, हल्ली थांबत नाही, काही राग आहे का?" त्यांना काय सांगावे हे क्षणभर सुचेना. मग दोन घटका बसलो आणि सगळे खरे ते सांगितले. ऐकता ऐकता त्यांचा हात आपल्या छातीवर गेला. दुसर्‍याच दिवशी ते तपासणीस गेले, असे कळले. या लेखानेही वाचकांपैकी एखाद्याचे पाऊल तसे वळले, तर माझ्या दुखण्याचे खाते जमेत निघाले असे मी समजेन.

इत्यलम्.